चिबडाचा तुकडा

सिलिंगमधली जमीन सगुणाबाईच्या नावावर झाली, तेव्हा हिवरवाडीत कुणालाच तिचा हेवा वाटला नाही. तलाठ्यानं चावडीसमोर नावं वाचली, चार टाळ्या पडल्या आणि लोक आपापल्या वाटेनं गेले. सगुणाबाईची सून मालनबाई तिच्या मागं उभी होती. जमीन मिळालेल्या बाईकडं लोक सुतकात भेटायला आल्यासारखे का बघतात, हे तिला कळेना. घरी येताना तिनं सासूला तसं विचारलंही.

सगुणाबाई म्हणाली, "बगू दे. त्यायला चिबड दिसायलंय. म्या त्या रानात जवारी कापलीय."

गोष्ट खरी होती. सगुणाबाई बौद्धवाड्यातली, तरुणपणीच विधवा झालेली, नावावर वीतभर जमीन नसलेली बाई. उभा जन्म तिनं लोकांच्या रानात खुरपण्यात घातला होता. आता मिळालेल्या याच तुकड्यात तिनं कधीकाळी अशी ज्वारी कापली होती, की आत माणूस शिरला तर बाहेरून दिसायचा नाही. पण तेव्हा कालवा नव्हता. पुढं धरणाचं पाणी आलं, वरच्या अंगाला उसाचे मळे झाले, आणि बारमाही भिजणाऱ्या त्या मळ्यांचं पाणी जमिनीच्या पोटातून खाली झिरपायला लागलं. हा तुकडा बशीसारखा खोल. सगळा पाझर तिथं येऊन थांबायचा. चार-सहा वर्षांत रान चिबडलं. पावसाळ्यात तिथं पाय घोट्याच्या वर रुतायचा आणि उन्हाळ्यात जमिनीवर मिठासारखा पांढरा फुलोरा यायचा. सिलिंगच्या कायद्यानं जास्तीची जमीन सोडायची वेळ आली, तेव्हा रानाच्या मूळ मालकानं सगळ्यात आधी हाच तुकडा पुढं केला.

सगुणाबाईचा मुलगा सिताराम रेल्वेत गँगमन होता. पूर्णा जंक्शनच्या पलीकडं एका लहान स्टेशनावर त्याला खोली होती, आणि सुट्टीच्या दिवशी तो गावी यायचा. जमीन बघायला तो आला तेव्हा बांधावरच उभा राहिला. आत पाऊलही टाकलं नाही त्यानं.

"ह्यापरीस माळावरचं बरड दिलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "परत करून टाक, माय. तलाठ्याला सांगतो मी."

"तुला काय कळतंय त्यातलं? तू लोखंडावरचा माणूस," सगुणाबाई म्हणाली.

सिताराम बायकोकडं बघून म्हणाला, "तू तरी सांग तिला."

 मालनबाईला स्वतःलाच काही ठरवता येत नव्हतं. दोन पोरींना शाळेत धाडून तीही रोज मजुरीला जायची, आणि दुसऱ्याच्या कपाशीत ओणवं असताना आपलं असं एक रान आहे, ही गोष्ट तिच्या मनात सारखी येत राहायची. रान कसं आहे हा विचार त्याच्या मागून यायचा.

त्या पावसाळ्यात त्यांनी भाड्याचं औत लावलं. औतवाला दोन तासं, म्हणजे फाळाच्या दोन रेघा, मारून थांबला. वरची माती वाळून दगड झालेली, आणि खाली वीतभरावर राड. फाळ वर घासायचा आणि खाली चिकटायचा. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, म्हणजे माती ना ओली ना कोरडी, हाताला मऊ आणि औताला हलकी लागते ती वेळ, त्या रानाला येतच नव्हती. कसंबसं रान मोडून त्यांनी ज्वारी पेरली. पेरल्यावर एक सर आली, वरची माती विरघळली, आणि ऊन पडल्यावर तिची अशी टणक पपडी धरली, की निम्मे कोंब खालच्या खाली वाकून मेले. मालनबाई खुरप्याच्या टोकानं पपडी उचलून बघायची. खाली पिवळा, वेटोळं झालेला कोंब असायचा. जे वर आले ते गुडघ्याएवढे होऊन पिवळे पडले. सगुणाबाईनं एक ताट उपटलं. मूळ सरळ खाली न जाता चार बोटांवर आडवं वळलं होतं, आणि त्याचं टोक काळं पडून कुजलं होतं.

सगुणाबाईनं ते ताट बराच वेळ हातात धरलं. मग बांधावर ठेवून दिलं आणि म्हणाली, "पुढल्या साली बगू."

त्यांच्या रानाच्या खालच्या बाजूला उमाजीचं रान होतं. उमाजी धनगर, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मेंढरंही होती आणि चांगली काळी जमीनही होती. त्याच्या रानाच्या पलीकडं नाला होता. थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाशीवर रोग पडला म्हणून पंचायत समितीतले शेतकीचे साहेब त्याच्याकडं आले. त्यांचं नाव दिनकरराव. सायकलवरून फिरणारा, अंगानं किरकोळ, नुकताच नोकरीला लागलेला माणूस होता तो. मालनबाई त्या दिवशी उमाजीकडंच कापूस वेचायला होती. साहेब परत निघाले तशी ती ओटीतला कापूस ढिगावर टाकून बांधावर आली.

"सायेब, आमचंबी रान बगा की. हे इथंच हाय."

दिनकररावांनी नुसतं बघून मान हलवली नाही. उमाजीकडून टिकाव मागून घेतला आणि मधोमध खड्डा घ्यायला सांगितलं. मालनबाईनं खड्डा घेतला. गुडघाभर खोल गेला तोच चारी बाजूंनी पाणी पाझरायला लागलं, आणि बघता बघता तळ दिसेनासा झाला. पाऊस जाऊन महिने झाले होते. दिनकरराव खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि कडेची माती चिमटीत घेऊन चोळत राहिले.

"बाई, रिकाम्या बाटल्या मिळतील का दोन? काचेच्या."

बाटल्या उमाजीच्या बायकोनं, कासाबाईनं दिल्या. दिनकररावांनी एकीत उमाजीच्या रानातली माती टाकली, दुसरीत मालनबाईच्या. दोन्हींत विहिरीचं पाणी ओतून हलवल्या आणि बांधावर ठेवल्या. सगळ्यांच्या भाकरी होईपर्यंत उमाजीच्या बाटलीतली माती खाली बसली. वर पाणी नितळ झालं. मालनबाईच्या बाटलीत चहाच्या रंगाचं गढूळ पाणी होतं, ते तसंच राहिलं.

"ही घरी न्या," दिनकरराव म्हणाले, "आणि कधी निवळतं ते बघा."

सगुणाबाईनं ती बाटली फळीवर ठेवली. रोज सकाळी उठली की आधी ती बाटलीकडं बघायची. आठवडा गेला तरी पाणी निवळलं नाही.

पुढच्या खेपेला दिनकरराव आले तेव्हा त्यांनी दोघींना समजावून सांगितलं. जमीन म्हणजे नुसती माती नसते, ते म्हणाले, निम्मी तर ती पोकळ असते. त्या पोकळीत थोडं पाणी असतं, थोडी हवा असते, आणि मुळाला दोन्ही लागतं. चांगल्या मातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहतात, त्यांची रवाळ ढेकळं होतात, म्हणून पोकळी टिकते. तुमच्या मातीत खार शिरलाय. त्यानं कण सुटे झालेत. पाणी पडलं की ते पसरतात आणि सगळी छिद्रं बुजवून टाकतात. वर पपडी, खाली चिखल. मुळाला श्वासच घेता येत नाही.

"म्हंजी जिमीन गुदमरायलीय," सगुणाबाई म्हणाली.

"असंच म्हणा."

"मग विलाज?"

दिनकररावांनी दोन उपाय सांगितले. जिप्समची पांढरी भुकटी टाकायची, म्हणजे कण पुन्हा एकमेकांना धरतील. आणि चर खणून साचलेलं पाणी नाल्यापर्यंत काढून द्यायचं, म्हणजे खार धुऊन जाईल. जिप्समची पोती सवलतीत देण्याची एक योजना होती, ते काम त्यांनी करून दिलं. चराचं मात्र तुमचं तुम्हाला बघावं लागेल, म्हणाले. कारण नाला उमाजीच्या रानापलीकडं होता.

मालनबाई उमाजीकडं गेली. तो मेंढरांच्या वाड्यापाशी लोकर कातरत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. चर केवढा, कुठून, का. उमाजीनं कातर थांबवली नाही.

"माझ्या रानाचे दोन तुकडे करायचे म्हणतीस," तो म्हणाला.

"तुकडे न्हाई, मामा. एका कडेनं निघंल."

"कडेनं काय अन् मधून काय. कामून म्हणून मी तुमचं पाणी माझ्या रानातून जाऊ देऊ?"

'तुमचं पाणी' हे शब्द त्यानं जरा दाबून म्हटले, की तिला तसं वाटलं, हे सांगता यायचं नाही. लहानपणी माहेरी तिची आई विहिरीच्या खाली घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून ओतील म्हणून. ते दिवस मागं पडले होते असं लोक म्हणायचे.  उमाजीनं मेंढरू फिरवून दुसऱ्या अंगावर घेतलं. मग ती घरी आली.

सासूला ती म्हणाली, "देत न्हाईत ते."

"लगीच कुणी देत नसतं," सगुणाबाई म्हणाली.

चर नाही तर नाही, निदान जिप्सम तरी टाकू, असं ठरलं. दिनकररावांनाही वाटलं, काही ना काही फरक पडेलच. पावसाच्या आधी दोघींनी पोती वाहिली, भुकटी फोकली. दोन दिवस त्यांचे केस, भुवया, लुगडी सगळं पांढरं झालं होतं. पाऊस पडला. भुकटी विरघळली, खारही मोकळा झाला, पण जायला वाट नव्हती म्हणून सगळं तिथंच राहिलं. त्याही साली ज्वारी गुडघ्याएवढीच झाली.

दिनकरराव येऊन बघून गेले. सायकलचा स्टँड लावत म्हणाले, "माझं चुकलं. आधी चर पाहिजे होता. पाणी निघाल्याशिवाय औषध लागू पडत नाही."

सिताराम त्या सुट्टीला चिडूनच आला होता. "दोन सालं गेली, बियाणं गेलं. लोक हसायलेत."

"लोक आधीपासून हसायलेत," मालनबाई म्हणाली. तिच्या तोंडून ते पटकन निघून गेलं. 

त्याच पावसाळ्यात, श्रावण सरताना, ती उमाजीच्या कपाशीत खुरपायला गेली होती. पाच-सहा बायका ओळीनं चालल्या होत्या. मालनबाईच्या रानाच्या बांधाकडच्या अंगाला येईपर्यंत कपाशी कमरेला लागत होती. बांधाजवळ आल्यावर एक पट्टा असा लागला, की तिथली झाडं मांडीपर्यंतही नव्हती. पानं पिवळी, दुपारी माना टाकलेली, आणि पायाखाली माती मात्र ओलीच. बाकीच्या बायकांनी खुरपत पट्टा ओलांडला. मालनबाई बसली. एक झाड तिनं हळूच उपटलं. खुंटासारखं सरळ खाली जाणारं कपाशीचं मूळ वीतभरावर आडवं वळलं होतं आणि टोकाला काळं होतं.

ती ओळ सोडून मेंढरांच्या वाड्याकडं गेली, आणि ते झाड उमाजीसमोर धरलं.

"मामा, आमच्यात पयल्या साली असंच झालं होतं."

उमाजीनं झाड हातात घेतलं. मूळ बोटानं चेपून बघितलं. त्याची साल निघून आली.

"रोग आसंल," तो म्हणाला.

"आसंल," मालनबाई म्हणाली, आणि परत जाऊन ओळीला लागली. त्याला ते आधीच माहीत होतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. पट्टा आजकालचा नव्हता. पाझर तिच्या तुकड्यात मावत नव्हता म्हणून बांधाखालून पुढं सरकत होता.

भादव्यात पाऊस लागून राहिला. सतत चार दिवस झड होती. झड उघडल्यावर दोन दिवसांनी ऊन पडलं, वरची माती सुकल्यासारखी दिसायला लागली, आणि उमाजीनं तण काढायला कपाशीत बैलांचं कोळपं धरलं. सकाळची वेळ होती. सिताराम सुट्टीवर आलेला, घरासमोर दाढी करत बसला होता. रानाकडून आरडाओरडा ऐकू आला तसा तो अर्ध्या दाढीनं उठला. मालनबाई त्याच्या मागं धावली.

त्या पिवळ्या पट्ट्यात उमाजीचा उजवीकडचा बैल पोटापर्यंत रुतला होता. वरचा थर वाळला होता, पण खाली लापशी होती. बैल जितकी धडपड करी तितका खाली जाई. दुसऱ्या बैलाला उमाजीनं सोडून बाजूला काढलं होतं आणि स्वतः तो चिखलात गुडघ्यापर्यंत उभा राहून या बैलाची मान वर धरत होता. कासाबाई बांधावर बसून रडत होती. चार माणसं शेपटीला आणि शिंगाला धरून ओढत होती.

सिताराम ओरडला, "ओढू नका. पाय मोडंल त्याचा. फळ्या आणा, दारं आणा, काय गावंल ते."

रुळाखालची माती पावसानं खचली की काय करतात, ते त्याच्या रोजच्या कामातलं होतं. उमाजीच्या वाड्याचं ताटीचं दार आलं, बैलगाडीच्या फळ्या आल्या. मालनबाईनं घरून अंथरायचं घोंगडं आणि बाज आणली. सितारामनं बैलाच्या पुढ्यातली माती हातानं उकरून तिथं फळ्या सारल्या. चिखल बैलाच्या पायांना चोखून धरत होता, म्हणून प्रत्येक पायाच्या कडेनं पहारीनं भोक पाडून आत हवा जाऊ दिली, की पाय सुटायचा. पोटाखालून घोंगड्याची पट्टी घातली. सगळ्यांनी मिळून त्याला उचलत, ढकलत फळ्यांवर घेतलं, तोवर दुपार झाली होती. बैल वाचला. पण मागचा एक पाय त्याला टेकवेना.

उमाजी चिखलानं माखलेला, बैलाशेजारी खाली बसून होता. सितारामच्या एका गालावरचा साबण कधीचाच वाळला होता.

"पाणी प्या, मामा," मालनबाई म्हणाली, आणि कासाबाईनं आणलेला तांब्या तिनं त्याच्याजवळ सरकवला.

चार दिवसांनी सकाळीच उमाजी बौद्धवाड्यात आला. तो याआधी कधी त्या घरापर्यंत आला नव्हता. सगुणाबाईनं घोंगडी अंथरली. तो घोंगडीच्या कडेवर बसला. बैल कसा आहे ते सांगितलं, पोरींचं विचारलं, उसाच्या मळ्यांना दोन शिव्या घातल्या. मग म्हणाला, "कुठून काढायचा म्हणत होतीस चर?"

मालनबाईनं बोटानं जमिनीवर रेघ ओढून दाखवली.

"असा न्हाई," उमाजी म्हणाला. "बांध मोडू. बांधाच्या जागी चर काढू, आन् मग माझ्या पूर्वेच्या कडेनं नाल्याला. निम्मी जागा तुमची, निम्मी माझी. खणायचंबी निम्मं निम्मं."

"अन् नाल्याकडचं सगळं तुमच्या रानातलं हाय," सगुणाबाई म्हणाली. "तिथं आमची जागा कशी निम्मी धरणार?"

"तेवढं माझं गेलं म्हणून धरा." तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "माझ्या रानाला लागलंय म्हणून आलोय मी. दुसरं काय न्हाई."

"ते कळतंय की आमाला," सगुणाबाई म्हणाली.

चर उन्हाळ्यात खणला. दिनकररावांनी खोली आणि उतार आखून दिला. उतार फार दिला तर पाणी कड खाईल, कमी दिला तर जागेवर थांबेल, असं ते म्हणाले. सितारामनं रजा टाकली. रुळाच्या कडेच्या गटारींचा उतार बघायची त्याच्या हाताला सवय होती, त्यामुळं आखणीप्रमाणं तळ साधायचं काम त्याच्याकडं आलं. वरच्या थराला पहार लावली की ठिणगी उडायची, खाली गेलं की फावड्याला माती सुटायची नाही. प्रत्येक फावडं काठीनं खरवडून काढावं लागे. उमाजी, त्याची बायको, मालनबाई, सिताराम सगळे एकाच चरात उतरून काम करत होते. सगुणाबाईला खणायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती टोपली उचलत होती.

चर एक असला तरी पाण्याच्या घागरी दोन होत्या. कासाबाईची बाभळीखाली, मालनबाईची चिंचेखाली. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पाणी संपलं तर आपापल्या घागरीसाठी ज्याची त्यानं विहीर गाठावी, असंच चालू राहिलं.

पाऊस सुरू झाल्यावर चर वाहायला लागला. पहिले काही आठवडे त्यातून तांबूस गढूळ, खारट पाणी येत होतं. नाल्यात ते मिसळायचं तिथं चहात दूध टाकल्यासारखा रंग व्हायचा. पाऊस उघडला तरी चर वाहतच राहायचा, कारण आता रानाच्या पोटातलं पाणी बाहेर पडत होतं. मालनबाई रोज कामाला जाताना तिथं थांबून बघायची. दिनकररावांच्या सांगण्यावरून त्या पावसाळ्यात त्यांनी ज्वारी न पेरता नुसता धैंचा, म्हणजे खत म्हणून मातीत गाडायचं हिरवं पीक, पेरला. तो मात्र जोमात आला. फुलावर यायच्या आत त्यांनी तो रानातच गाडला. आपण पेरलेलं हिरवं पीक स्वतःच्या हातानं मातीत घालायचं सगुणाबाईच्या जिवावर आलं होतं. गाडलं त्या दिवशी ती जेवली नाही. वर पुन्हा लेंडीखत पडावं म्हणून उमाजीनं आपली मेंढरं आठ-दहा रात्री त्यांच्या रानात बसवली. त्याबद्दल त्यानं काही मागितलं नाही आणि कुणी काही देऊही केलं नाही.

आश्विनात एका सकाळी सगुणाबाई एकटीच रानात गेली. मालनबाई मागून पोहोचली, तेव्हा सासू रानाच्या वरच्या अंगाला उकिडवी बसली होती. तिनं मूठभर माती उचलली, दाबून गोळा केला, आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. गोळा पडला आणि फुटला. त्याचे हरभऱ्याएवढे रवाळ कण झाले. तिनं पुन्हा एक गोळा केला, पुन्हा सोडला.

"वापसा आलाय," ती म्हणाली. "औतवाल्याला निरोप दे. आजच्या आज. ह्यो दोन दिस बी टिकायचा न्हाई."

औत आलं, आणि या वेळी तासं न थांबता गेली. रब्बीची ज्वारी पेरली. वरच्या निम्म्या रानात ती माणसाच्या छातीला लागेल एवढी झाली. म्हातारीच्या आठवणीतल्या ज्वारीएवढी नव्हती, पण दाणा भरला होता. त्याखालच्या पट्ट्यात मध्यम झाली. आणि अगदी खोलगट कोपरा होता, तो मात्र सुधारला नाही. तिथं धैंचाही नीट आला नव्हता. दिनकरराव म्हणाले, तिथं खार फार खोल गेलाय, अजून पाच-सात पावसाळे लागतील, कदाचित कधीच नाही. मालनबाईनं तो कोपरा गवताला सोडून दिला. उमाजीची मेंढरं तिथं चरायची.

सगुणाबाईनं स्वतःच्या रानातली ज्वारी स्वतः कापली. गुडघे धरले होते, म्हणून बसून बसून सरकत कापली. पहिल्या दिवशी तिनं पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा बांधला आणि त्यावरच डोकं ठेवून उन्हात झोपी गेली. सुनेनं तिच्यावर पदराची सावली धरली नाही की उठवलंही नाही. पुढचं तास ती कापत राहिली.

दुसऱ्या वर्षी दिनकररावांची बदली झाली. जायच्या आधी ते रान बघायला आले नाहीत, पण कुणाच्या तरी हाती निरोप दिला, की चर दरवर्षी साफ करा, नाहीतर सगळं पहिल्यासारखं होईल. ते खरंच होतं. पावसानं चरात गाळ यायचा, कडा ढासळायच्या, लव्हाळा उगवायचा.

तेव्हापासून दरवर्षी वैशाखात मालनबाईचं आणि उमाजीचं भांडण व्हायचं. गाळ वरून तुमच्या रानातून येतो तर जास्त तुम्ही काढा, असं तो म्हणायचा. नाल्याकडचा चर तुमच्या रानात आहे, तिथला आम्ही का काढावा, असं ती म्हणायची. आवाज चढायचे. कासाबाई मध्ये पडायची. दोन-तीन दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग एखाद्या सकाळी उमाजी फावडं घेऊन चरात उतरलेला दिसायचा, आणि मालनबाईही आपलं फावडं घेऊन दुसऱ्या टोकानं उतरायची. दोघं मधोमध येऊन भिडेपर्यंत एक शब्द बोलत नसत.